२७५ हा आकडा महामार्गावर मोजता येत नाही

इंदूरच्या राजेंद्रनगरमध्ये राहणाऱ्या एका तरुण अभियंत्याने मला पत्राने एक प्रश्न विचारला आहे. त्यांनी गेल्या वर्षी पोर्शे ७१८ केमन ही ३०० अश्वशक्तीची गाडी तिच्या आधीच्या मालकाकडून विकत घेतली. कंपनीच्या माहितीपत्रकात तिचा कमाल वेग ताशी २७५ किलोमीटर दिलेला आहे. गाडी काही वर्षे वापरलेली असल्यामुळे ती आजही तो वेग गाठते का, हे त्यांना पाहायचे आहे. त्यासाठी दिल्ली-मुंबई द्रुतगती मार्गाचा रतलाम-मंदसौरकडचा भाग, किंवा ते न जमल्यास भोपाळ रस्त्यावर सोनकच्छच्या पुढचा सरळ पट्टा, पहाटे चारच्या सुमारास निवडावा आणि मोबाइलवरील जीपीएसने वेगाची नोंद घ्यावी, असा त्यांचा विचार आहे. शेवटी त्यांनी लिहिले आहे, "काका, तुम्ही आयुष्यभर गाड्यांच्या चाचण्यांचेच काम केले आहे. एकदाच करायचे आहे, तर ते नीट कसे करावे आणि कोणती काळजी घ्यावी, हे सांगा."

माझे उत्तर असे की हे करू नका, आणि ही चाचणी खुल्या रस्त्यावर नीट करण्याची कोणतीही रीत नाही. तुम्ही अभियंता आहात आणि प्रश्न प्रामाणिकपणे विचारला आहे, म्हणून केवळ नकार देऊन मी थांबणार नाही. धोक्याविषयी तुम्हाला घरातूनही ऐकावे लागले असेलच. मला आधी दुसरी गोष्ट सांगायची आहे, ती अशी की सगळे सुखरूप पार पडले तरी तुमच्या हाती जो आकडा येईल तो मोजमाप या नावाला पात्र नसेल.

कमाल वेग म्हणजे काय, येथून सुरुवात करू. इंजिनाकडून चाकांपर्यंत पोहोचणारी शक्ती आणि हवेचा व टायरांचा विरोध मोडून काढण्यासाठी लागणारी शक्ती जिथे बरोबरीची होते, तो वेग म्हणजे गाडीचा कमाल वेग. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि तो मोडून काढायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. तुमच्या गाडीचा विरोध-गुणांक, म्हणजे तिचा आकार हवेला किती अडतो ते सांगणारा आकडा, साधारण ०.३० आणि समोरचे क्षेत्रफळ सुमारे दोन चौरस मीटर धरले, तर इंदूरच्या उंचीवरील उबदार हवेत ताशी २०० किलोमीटरला केवळ हवेसाठी सुमारे ५७ किलोवॅट लागतात, २५० ला सुमारे ११० आणि २७५ ला सुमारे १४७. म्हणजे शेवटच्या पंचवीस किलोमीटरसाठी आणखी ३७ किलोवॅट, म्हणजे एका साध्या छोट्या मोटारीच्या इंजिनाइतकी शक्ती, खर्ची पडते. २५० च्या पुढे गाडीजवळ फार थोडी शक्ती शिल्लक उरते आणि वेग अतिशय सावकाश चढतो. माझ्या ढोबळ हिशेबाने २५० पासून २७५ पर्यंत जायला एक ते दीड किलोमीटर रस्ता लागेल. त्याआधी २५० पर्यंत पोहोचायला सुमारे दोन किलोमीटर, नंतर काही अंतर तो वेग टिकवायला आणि शेवटी थांबायला, असे सगळे धरले तर चार ते पाच किलोमीटरचा, एकाही अडथळ्याविना असा पट्टा हवा.

शिल्लक शक्ती इतकी थोडी असल्यामुळेच डोळ्यांना न जाणवणाऱ्या गोष्टी शेवटच्या आकड्यावर मोठा परिणाम करतात. एक टक्का चढ, म्हणजे एका किलोमीटरमध्ये दहा मीटर, तुम्हाला गाडीत बसून मुळीच कळणार नाही. माळव्याच्या पठारावर आपण ज्याला सपाट रस्ता म्हणतो त्यात असे चढ-उतार पावलोपावली आहेत. तुमच्या गाडीच्या कमाल वेगात तेवढ्या चढाने ताशी सुमारे सहा किलोमीटरचा फरक पडतो. वाऱ्याचेही तसेच आहे. सेकंदाला तीन मीटरचा वारा म्हणजे झाडाची पाने हलवणारी झुळूक, पण ती पाठीमागून असली तर हवेचा विरोध सुमारे आठ टक्क्यांनी घटतो आणि कमाल वेग ताशी सातेक किलोमीटरने वाढलेला दिसतो. उतार आणि वारा एकाच दिशेला मिळाले, तर २६२ ची गाडी २७५ दाखवील आणि तुम्ही समाधानाने घरी याल. ते दोन्ही उलट असले, तर निरोगी गाडी २६२ वर अडकेल आणि तुम्ही विनाकारण टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबून भरणारे यंत्र, उघडून बसाल.

याच कारणासाठी वेग मोजणारे लोक शंभर वर्षांपासून एकच पट्टा दोन्ही दिशांनी धावून सरासरी घेत आले आहेत. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या भूवेग विक्रमाच्या नियमात या दोन धावा एका तासाच्या आत पूर्ण कराव्या लागतात, म्हणजे वारा आणि तापमान फारसे बदलत नाही. आता तुमच्या महामार्गाकडे पाहा. तो दुभाजकाचा रस्ता आहे. ज्या पट्ट्यावरून तुम्ही गेलात त्याच पट्ट्यावरून उलट येणे म्हणजे विरुद्ध दिशेने येणे, आणि त्याचा विचारही करायचा नाही. पलीकडच्या बाजूने परत यायचे तर महामार्गावरून बाहेर पडण्याच्या पुढच्या वाटेपर्यंत जाऊन वळून यावे लागेल, आणि ती बाजू निराळी आहे, तिच्या डांबराचा पोत, तिचा चढ, तिच्यावरील रहदारी, सगळेच निराळे. बंद न केलेल्या दुभाजकाच्या महामार्गावर दोन्ही दिशांची सरासरी मुळात मिळतच नाही. इथेच, माझ्या मते, तुमची चाचणी मोजमाप म्हणून संपते.

उपकरणांविषयी थोडे सांगतो. गाडीच्या स्पीडोमीटरवर तर अजिबात भिस्त ठेवू नका. संयुक्त राष्ट्रांच्या ज्या नियमावलीनुसार बहुतेक देशांत स्पीडोमीटर मंजूर होतात, तिच्याप्रमाणे काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीही दाखवू नये, मात्र खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक चार किलोमीटर इतके जास्त दाखवले तरी चालते. हिशेब करून पाहा: काटा २७५ वर असताना गाडी प्रत्यक्षात २४७ ने धावत असली तरी तो स्पीडोमीटर नियमात बसतो. मोबाइलमधील जीपीएस त्याहून बरा, पण तो साधारणपणे सेकंदाला एकदाच नोंद करतो, आणि २७५ च्या वेगाने एका सेकंदात गाडी ७६ मीटर पुढे गेलेली असते. आम्ही ज्या लॉगरवर काम केले ते सेकंदाला किमान दहा, पुढे शंभर नोंदी घेणारे होते, त्यांची अँटेना छतावर चिकटवलेली असे, आणि तरीही वाऱ्याचा वेग सेकंदाला तीन मीटरच्या वर गेला की आम्ही काम थांबवून चहा घेत बसत असू.

मोजमापात चूक किती सहज होते याचे एक जगजाहीर उदाहरण आहे. अमेरिकेच्या नेवाडा राज्यातील १६० क्रमांकाच्या राज्यमार्गावर, तो रीतसर बंद करून, नोव्हेंबर २०१७ मध्ये कोनिगसेग अगेरा आरएस या गाडीने दोन्ही दिशांच्या सरासरीने ताशी ४४७.१९ किलोमीटर वेग नोंदवला. त्याच रस्त्यावर ऑक्टोबर २०२० मध्ये एसएससी टुआटारा या गाडीने सरासरी ताशी ५०८ किलोमीटरहून अधिक वेग गाठल्याचे जाहीर झाले. लोकांनी चित्रफितीतील खुणांमधील अंतर आणि त्यांना लागलेला वेळ ताडून पाहिला, तेव्हा हिशेब जुळेना. जानेवारी २०२१ मध्ये फ्लोरिडातील धावपट्टीवर नव्याने मोजल्यावर सरासरी सुमारे ४५५ आली, आणि पुढे कंपनीने आधी सांगितलेला वेग गाठला गेला नव्हता हे मान्य केले. बंद रस्ता, व्यावसायिक चालक, उपग्रहाधारित यंत्रणा, हे सर्व असताना असे घडू शकते, तर खिशातील मोबाइलच्या आकड्यावर इंजिनाच्या प्रकृतीचे निदान कसे करावे?

आता रस्त्याविषयी. मी हे ऐकीव सांगत नाही. १९९८ च्या थंडीत, मी या कामात नवीन असताना, आमच्याकडे एक मध्यम आकाराची सेदान आली होती. तिचा सांगितलेला कमाल वेग ताशी १६५ किलोमीटर होता. अहमदनगरच्या संरक्षण खात्याच्या चाचणीमार्गावर आमची पाळी यायला वेळ होता, आणि वरिष्ठांना आकडा लवकर हवा होता. आम्ही आग्रा-मुंबई रस्त्यावर, मक्सीच्या पुढे, एक सरळ तुकडा निवडला. आदल्या दिवशी दोनदा फिरून खड्डे पाहिले, दोन्ही टोकांना माणसे उभी केली, सकाळी सहाला सुरुवात केली. पहिली धाव जाऊन-येऊन व्यवस्थित झाली. दुसऱ्या धावेत वेग दीडशेच्या आसपास असताना डावीकडच्या कच्च्या वाटेवरून, बाभळींच्या आडून, एक दूधवाला सायकलला दोन्ही बाजूंना बरण्या अडकवून सरळ रस्त्यावर आला. त्याची काहीच चूक नव्हती. त्याने उजवीकडे पाहिले होते, गाडी पुष्कळ लांब दिसली होती, आणि रोजच्या अनुभवावरून तेवढ्या वेळात रस्ता ओलांडता येतो हे त्याला ठाऊक होते. मी ब्रेक दाबला, मागची चाके सरकली, गाडी उजव्या कडेच्या मुरमावर जाऊन दोन वेळा आडवी झाली आणि थांबली. तो माणूस सायकल धरून तसाच उभा होता. त्याच्या आणि माझ्या गाडीच्या वाटेत चार हातांचे अंतर राहिले असेल. कोणाला इजा झाली नाही. मी उतरून त्याच्याजवळ गेलो तेव्हा मला बोलता येत नव्हते. संध्याकाळी कागद मांडून बसलो, तर पहिल्या धावेत एका दिशेला मिळालेला आकडा आणि परतीच्या वाटेवरचा आकडा यांत नऊ किलोमीटरचा फरक होता, आणि त्या दोन्हींतून गाडीविषयी काही सांगता येत नव्हते. त्यानंतर मी खुल्या रस्त्यावर कमाल वेगाची चाचणी कधीही केली नाही आणि माझ्या हाताखालच्या मुलांना करू दिली नाही.

तुम्ही म्हणाल की तो जुना रस्ता होता आणि आठ पदरी द्रुतगती मार्गाला कुंपण आहे. कुंपण आहे हे खरे. पण त्या मार्गाच्या आजूबाजूला शेते आहेत, तिथे नीलगाई आहेत, आपल्याकडे ज्यांना रोजडे म्हणतात, आणि पूर्ण वाढलेला नर दोनशे किलोहून जड असतो. कुंपण तुटलेले असते, कुत्री खालून शिरतात, एखाद्या ट्रकचा फुटलेला टायर पट्ट्यावर पडलेला असतो. भोपाळ रस्त्यावर तर दुभाजकात कट आहेत, ढाब्यांसमोर उभे ट्रक आहेत, सोयाबीनच्या दिवसांत मागे एकही दिवा नसलेल्या ट्रॉल्या आहेत. श्रावणात उज्जैनच्या रस्त्याला ओंकारेश्वरचे नर्मदाजल घेऊन निघालेले कावडवाले पहाटेच चालत असतात, कारण ऊन चढण्याआधी अंतर कापायचे असते. पहाटे चारचा रस्ता रिकामा असतो ही समजूत ज्याने पहाटे चारला काम केले आहे त्याची नसते. भाजी, दूध, वर्तमानपत्रे, रात्रपाळीहून परतणारी माणसे आणि डोळ्यांवर झोप असलेले ट्रकचालक, हे सगळे त्याच वेळी रस्त्यावर असतात.

इतरांच्या नजरेने पाहिले की धोका नीट समजतो. ताशी साठने जाणारा एक ट्रकचालक लेन बदलण्यापूर्वी आरशात पाहतो. त्याला चारशे मीटर मागे दोन दिवे दिसतात. तो मनात ताशी शंभरचा हिशेब धरतो, कारण त्या रस्त्यावर मोटारी तेवढ्याच वेगाने येतात, आणि त्या हिशेबाने तुम्हाला त्याच्यापर्यंत पोहोचायला ३६ सेकंद लागायला हवेत. तुम्ही २७५ ने येत असाल तर सात सेकंदांच्या आत पोहोचाल. त्याने इंडिकेटर दिला, सावकाश डावीकडून मधल्या लेनमध्ये आला, सर्व नियम पाळले, तरीही तुमच्यापुढे भिंत उभी राहील. तुम्हाला थांबायला किती अंतर लागेल? कोरड्या, चांगल्या रस्त्यावर गुरुत्वत्वरणाच्या ०.८ पट मंदन धरले आणि प्रतिक्रियेला दीड सेकंद धरला, तर शंभरच्या वेगाला सुमारे ९० मीटर आणि २७५ ला जवळपास ४८५ मीटर. उत्तम गाडीचे लांब पल्ल्याचे दिवेही रात्री त्या अंतरापर्यंतची वस्तू तुम्हाला ओळखू येईल इतकी उजळ करीत नाहीत. म्हणजे अंधारात तुम्ही तुमच्या नजरेच्या पलीकडे गाडी चालवत असाल.

रस्त्याची घडणही या वेगासाठी केलेली नसते. पुलाला किंवा मोरीला जिथे भराव मिळतो तिथे भराव थोडा बसतो आणि दोन-तीन सेंटिमीटरची पायरी तयार होते. शंभरच्या वेगाला ती फक्त 'धप्' असा आवाज करते. २५० च्या पुढे तीच पायरी स्प्रिंगा पूर्ण मोकळ्या करते आणि क्षणभर टायरांवरचा भार नाहीसा होतो. त्या क्षणी बाजूचा वारा असला किंवा स्टीअरिंग थोडे वळलेले असले, तर चाके पुन्हा टेकताना गाडी कोणत्या दिशेला जाईल हे चालकाच्या हाती नसते.

बाजूच्या वाऱ्याचा उल्लेख मी जाणीवपूर्वक केला. २८ जानेवारी १९३८ रोजी जर्मनीत फ्रँकफर्ट-डार्मस्टाट महामार्ग विक्रमासाठी बंद करण्यात आला होता. सकाळी रुडॉल्फ काराचिओला यांनी मर्सिडीज-बेंझच्या विक्रमी गाडीत ताशी ४३२.७ किलोमीटर वेग नोंदवला. सार्वजनिक रस्त्यावरील तो सर्वोच्च वेग पुढे जवळजवळ ऐंशी वर्षे, म्हणजे वर सांगितलेल्या नेवाडातील २०१७ च्या धावेपर्यंत, टिकला. त्याच दिवशी, त्याच रस्त्यावर, ऑटो युनियनचे बर्न्ड रोझमायर हे आणखी वेगासाठी निघाले. झाडीच्या मधल्या मोकळ्या जागेतून आलेला आडवा वारा गाडीला लागला, ती रस्त्याबाहेर गेली आणि अवघ्या अठ्ठावीस वर्षांचा तो अत्यंत कुशल चालक जागीच गेला. रस्त्यावर त्या वेळी दुसरे एकही वाहन नव्हते. मला ही घटना प्रत्येक नव्या चाचणी चालकाला सांगाविशी वाटते, कारण वारा झाडीमागे थांबलेला असतो आणि झाडी संपते तिथेच तो अंगावर येतो. आपल्या महामार्गावर झाडीच्या जागी उंच भराव, खोदून काढलेल्या टेकड्या आणि ओलांडून जाणारे ट्रक आहेत.

कायद्याविषयी मी लांबण लावणार नाही, पण दोन गोष्टी बहुतेकांना ठाऊक नसतात. मोटारींसाठी प्रवेशनियंत्रित द्रुतगती मार्गावर कमाल मर्यादा ताशी १२० आणि चौपदरी दुभाजकाच्या रस्त्यावर १०० आहे, हे तुम्हाला माहीत असेल. पण मोटार वाहन कायद्याचे कलम १८९ अतिवेगाहून वेगळ्या गोष्टीसाठी आहे. राज्य शासनाच्या लेखी संमतीविना सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावणे किंवा वेगाची चाचणी घेणे हाच तिथे गुन्हा आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. दुसरी गोष्ट तुमच्या विम्याच्या कागदावर छापलेली आहे. वापराच्या मर्यादा या मथळ्याखाली खासगी मोटारीच्या पॉलिसीत संघटित शर्यतीबरोबर वेगाची चाचणीही वगळलेली असते. कपाटातून कागद काढून वाचा.

तर मग गाडी निरोगी आहे की नाही हे कसे समजावे? तुमच्या मनातला खरा प्रश्न हाच आहे, आणि त्याचे उत्तर २७५ पर्यंत न जाता मिळते.

गाडी प्रथम चॅसिस डायनॅमोमीटरवर न्या. रोलरवर बांधलेल्या गाडीच्या चाकांवर किती शक्ती येते ते तिथे कळते. तीन धावा घ्या, मध्ये इंजिन थंड होऊ द्या, आणि समोर मोठा पंखा असल्याची खात्री करा, कारण टर्बोच्या इंजिनाला थंड हवा मिळाली नाही तर संगणक स्वतःहून प्रज्वलन मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा पाडतो, आणि शक्ती कमी दिसते. मे महिन्यातल्या इंदूरच्या दुपारी हे हमखास होते, म्हणून सकाळची वेळ मागून घ्या. कमी ऑक्टेनचे पेट्रोल भरले असले तरीही असेच घडते. आपल्याकडे कंपनीचा आकडा न मिळण्याचे ते एक नेहमीचे कारण आहे आणि त्यात इंजिनाचा दोष नसतो. इंजिनाच्या ३०० अश्वशक्तीपैकी दहा ते पंधरा टक्के गिअरबॉक्स आणि अॅक्सलमध्ये जाते, तेवढे सोडून बाकीची चाकांवर मिळत असेल तर वर दिलेल्या हिशेबाने तुमची गाडी २७५ च्या आसपास जाण्यास समर्थ आहे, हे तुम्ही कागदावर सिद्ध करू शकता. हवेतला विरोध गाडीच्या वयाबरोबर वाढत नाही. कोणी वेगळा बंपर किंवा पंख बसवला नसेल तर तो कारखान्यातून निघाला तसाच आहे. जुन्या गाडीत बदलते ती शक्ती, आणि शक्ती रोलरवर मोजता येते.

इंदूरच्या उंचीमुळे गाडीच्या वेगावर परिणाम होतो का, असेही तुम्ही पत्रात विचारले आहे. आपले शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच आहे आणि इथली हवा थोडी विरळ आहे. टर्बो नसलेल्या इंजिनाची शक्ती त्यामुळे सहाएक टक्क्यांनी घटते, पण हवेचा विरोधही जवळपास तितकाच घटतो, म्हणून कमाल वेगात फारसा फरक पडत नाही, फरक पडतो तो खालच्या वेगातील उठावात. टर्बोचे इंजिन हवेचा दाब बऱ्याच अंशी भरून काढते, त्यामुळे तुमच्या गाडीला उंचीचा तोटा नाही, झाला तर किंचित फायदाच आहे. हा प्रश्न मला फार आवडला.

डायनॅमोमीटरनंतर प्रत्यक्ष वेग अनुभवायचाच असेल, तर त्यासाठी आखलेली जागा आपल्या घराजवळ आहे. पिथमपूरच्या नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्रातील ११.३ किलोमीटरचा वेगवान मार्ग जून २०२१ मध्ये सुरू झाला. तो चार लेनचा, सोळा मीटर रुंद आणि लंबगोलाकार आहे, आणि त्याची वळणे ताशी ३७५ किलोमीटरपर्यंतच्या वेगासाठी आखलेली आहेत. होळकरांच्या राजधानीला वेगवान मोटारींचे वेड नवे नाही. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर दुसरे यांच्यासाठी १९३५ ची ड्यूझेनबर्ग एसजे ही मोटार लंडनमध्ये अंगबांधणी करून घडवण्यात आली होती. पण तेव्हा तिला पूर्ण वेगाने धावता येईल असा रस्ता या भागात नव्हता, आणि आज आशियातील सर्वांत लांब असा मार्ग शहरापासून तासाभराच्या आत आहे. हा मार्ग मुख्यतः वाहन उत्पादकांच्या कामासाठी असून तो आधी आरक्षण करून आणि त्यांच्या अटींवरच मिळतो. एकट्याने विचारण्यापेक्षा मालकांच्या गटातर्फे किंवा कंपनीच्या विक्रेत्यामार्फत विचारणा करा. ते न जमल्यास ग्रेटर नोएडातील बुद्ध सर्किट या शर्यतीच्या मार्गावर गाडीमालकांसाठी दिवस ठेवले जातात. तिथली सर्वांत लांब सरळ वाट एक किलोमीटरहून थोडीच अधिक आहे, म्हणून कमाल वेग मिळणार नाही, पण १०० ते २०० हा टप्पा किती सेकंदांत पार होतो ते नेमके मोजता येईल. गाडीची तब्येत कळण्यासाठी मी त्या आकड्याला कमाल वेगाहून जास्त मान देतो, कारण तो थोड्या जागेत, पुन्हा पुन्हा, एकसारखा घेता येतो.

कुठेही गेलात तरी आधी टायर पाहा. कडेवरच्या लेखनाच्या शेवटी जे अक्षर असते ते वेगाची मर्यादा सांगते: व्ही म्हणजे २४०, डब्ल्यू म्हणजे २७०, वाय म्हणजे ३००. तुमच्या गाडीला वाय हवे. जुन्या गाडीवर आधीच्या मालकाने स्वस्तातले डब्ल्यू किंवा व्ही चढवलेले असणे मी अनेकदा पाहिले आहे, आणि शहरात चालवताना ते कळून येत नाही. त्याच कडेवर चार अंकांत उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष असते, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी नवी दिसत असली तरी सहा वर्षांपलीकडचा टायर मी या कामाला वापरू देणार नाही. पंक्चर काढलेला टायर तर मुळीच नको, मग तो कितीही चांगला जोडलेला असो. हवेचा दाब कमी असेल तर वेगात टायरच्या मागच्या भागावर लाटा उभ्या राहतात, रबर आतून तापते आणि थर सुटू लागतात, आणि हे सर्व चालकाला जाणवण्याआधी टायर फुटतो. पूर्ण वेगासाठीचा दाब निराळा असतो आणि तो गाडीच्या पुस्तकात किंवा दाराजवळच्या तक्त्यात दिलेला असतो. तो टायर थंड असताना भरा.

ब्रेकचे तेलही बदलून घ्या. २७५ वरून थांबताना शंभरच्या वेगाच्या साडेसातपट ऊर्जा उष्णता होऊन चकत्यांमध्ये जाते. नव्या डॉट-४ तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, पण ते हवेतील ओलावा शोषते आणि ओलावलेल्या तेलासाठी हाच आकडा १५५ अंशांपर्यंत खाली येतो. आपल्याकडच्या दोन पावसाळ्यांनंतर ते तेल जोराच्या ब्रेकला उकळू शकते, आणि मग पायाखालचा ब्रेक सरळ जमिनीला टेकतो. आधीच्या मालकाच्या सर्व्हिसच्या पुस्तकात तेल बदलल्याची तारीख सापडत नसेल, तर ते बदललेले नाही असेच धरून चाला.

डायनॅमोमीटरचा आलेख हाती आला की तो, त्या दिवशीचे तापमान, कोणते पेट्रोल भरले होते आणि टायरच्या कडेवरची अक्षरे, एवढे मला पाठवा. आलेखात शक्तीची रेषा इंजिनाच्या वरच्या फेऱ्यांना एकदम खाली वळत असेल तर ते विशेष खूण करून लिहा. तिथे टर्बोच्या नळीतील गळती किंवा तापलेली हवा यांपैकी काय आहे, हे दुसऱ्या आणि तिसऱ्या धावेची तुलना करून बहुधा सांगता येते.